उंच बांधलेली पुडी

देवावरचा माझा विश्वास उडाला होता असं मी म्हणणार नाही. तो थकला होता. रोज संध्याकाळी दत्ताच्या तसबिरीपुढे दिवा लावायचे, हात जोडायचे आणि कुकर लावायला आत जायचे. मागायचं काही उरलं नव्हतं, आणि मागितलेलं मिळतं यावर भरवसाही राहिला नव्हता. माझे यजमान चार वर्षं अंथरुणाला खिळून होते. जबलपूरला रांझीच्या कारखान्यात आयुष्यभर केसाच्या जाडीची मापं घेणारा माणूस, शेवटी त्यांना चमचा धरता येईना. मी दवाखाने केले, उपास केले, ग्वारीघाटावर नर्मदामाईची ओटी भरली. आणि एक गोष्ट केली, जी आजवर कोणाला सांगितली नव्हती. शेजारणीच्या सांगण्यावरून मी उतारा ठेवला. पानावर भात, उकडलेलं अंडं, लाल मिरची, चिमूटभर मीठ. यजमानांवरून तीनदा ओवाळून दिवेलागणीला क्वार्टरच्या मागे, तीन रस्ते मिळतात तिथे ठेवून आले, मागे वळून न बघता. अंथरुणावरून ते हसले आणि म्हणाले, “माझा रोग न्यायला तिथे कोण बसून राहिलं आहे?” त्यानंतर महिन्याच्या आत ते गेले.

तेव्हापासून रस्त्यात नुसतं लिंबू दिसलं तरी मी माघारी फिरून दुसऱ्या गल्लीने जात असे. माझ्या उताऱ्यात काहीतरी चुकलं, मी मागे वळून पाहिलं असेल, कोणाचा तरी पाय पडला असेल, असं मनात घोळत राही. शहाण्या माणसाने असं मनात आणू नये हे मला कळत होतं. पण कळतं ते वळतंच असं नाही.

क्वार्टर सोडून आम्ही मायलेकी मदन महलला दोन खोल्यांत राहायला आलो. मुक्ता माझी एकुलती एक. ती नर्स झाली, आणि वडील गेल्यावर दुसऱ्याच वर्षी तिने म्यानमारच्या सीमेजवळच्या एका गावातली नोकरी स्वतःहून मागून घेतली. दाट पावसाळी जंगल, रस्ता नाही, फोन नाही. गावात एक लहानसं आरोग्य केंद्र होतं आणि तिथे टिकायला कोणी तयार नव्हतं. मी भांडले, अबोला धरला, स्थळं दाखवली. ती गेलीच. कोणी डोंगर उतरून आलं की त्याच्या हाती चिठ्ठी पाठवायची. चौथ्या चिठ्ठीतलं अक्षर तिरकं झालं होतं. “थोडा ताप येतो-जातो, काळजी नको.” नर्सने थोडा ताप असं लिहिलं की तो किती असेल हे आईला कळतं. मी बॅग भरली, आणि कित्येक महिन्यांनी दत्तापुढे तोंड उघडलं. म्हटलं, पोरीला परत घेऊन येऊ दे, मग काही मागणार नाही.

रेल्वे, मग बस, मग परवानगीच्या कागदांसाठी खेपा, आणि शेवटी जिथे गाडीरस्ता संपतो ते गाव. तिथून पुढे हेलिकॉप्टर जातं, आभाळ मोकळं असेल तर. मी आठ दिवस रोज सकाळी बॅग घेऊन मैदानावर बसले, रोज ढग, रोज परत. त्या भागातले लोक आभाळाकडे पावसासाठी बघत नाहीत, ढगांत कुठे भोक पडलंय का ते बघतात. नवव्या दिवशी मुक्ताच्या गावातली एक बाई पायी परत निघाली होती, तिच्याबरोबर मी निघाले. सगळे तिला दीदीच म्हणत. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, डोक्यावरून पट्टा घेऊन पाठीवर टोपली, त्यात माझीसुद्धा बॅग. तीन दिवसांची वाट. मदन महलच्या टेकडीवर रोज सकाळी चढते म्हणून मला स्वतःच्या पायांचा जरा गर्व होता. तो पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत उतरला. झाडं इतकी दाट की पाऊस थांबला तरी वरून तासभर ठिबकत राहायचं. कपडे वाळत नव्हते, जळवा मोज्यांतून आत शिरत होत्या, आणि दीदी पुढे जाऊन माझी वाट बघत बसायची. एका शब्दाने तिने घाई केली नाही. तिच्या त्या न बोलण्याचाही मला राग येत होता, इतकी मी दमले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी एके ठिकाणी वाट फुटत होती. एक गावाकडे, एक वेलचीच्या मळ्यांकडे. दीदी वळणापलीकडे गेलेली. मी काठीवर भार टाकून श्वास घेत उभी राहिले, आणि समोर पाहिलं तर कंबरेएवढ्या उंचीवर बांबूची छोटी मांडणी, तिच्यावर पानाची पुडी. पान एका बाजूने उघडं पडलेलं. आत भात, उकडलेलं अंडं, लाल मिरची. तीन वाटा मिळतात अगदी तिथेच. मुक्ताच्या वाटेवर कोणीतरी हे ठेवलंय, एवढं एकच मनात आलं. जंगलात दुसरी गल्ली नसते. उताऱ्याला हात लावत नाहीत म्हणून मी दत्ताचं नाव घेत काठीने ती पुडी ढकलली. ती दरीत जावी असा माझा विचार होता, पण वाटेवरच फुटली, भात सांडला, आणि मागे सरताना तो माझ्याच बुटाखाली आला. पुढच्या ओढ्यात मी ते कॅनव्हासचे बूट घासून घासून धुतले. काय झालं असं दीदीने विचारलं. चिखल लागला, असं मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी गाव आलं. खांबांवर उभी बांबूची घरं, खाली डुकरं आणि कोंबड्या, उंचावर लाकडाचं चर्च. मुक्ता केंद्राच्या पायरीवर एका बाळाला तोलत होती. गालाची हाडं वर आलेली. मला बघून तिने बाळ त्याच्या आईकडे दिलं आणि म्हणाली, “आई, तू काहून आली? इतकं चालून? वेडी आहेस का तू?” मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. मानेला ताप लागत होता.

मी तिला तिथल्या तिथे घेऊन निघाले असते, पण माझे पाय सुजले होते आणि तिचं काम थांबत नव्हतं. त्या दिवसांत मी ते गाव पाहिलं. नाइलाजानेच पाहिलं म्हणा. सगळं पाठीवरून येतं. पत्रा, खिळे, वह्या, साबण. भात, मका तिथे पिकतो, पण मीठ पिकत नाही. ते तीन दिवस चालून आणायचं. त्यामुळे घरात मीठ वाढायचं ते घरातल्या मोठ्या माणसाने. रांधलेल्या भाजीत मीठ जास्त झालं म्हणून ती फेकणारी मी, तिथे बोटाला चिकटलेले कण चाटायला शिकले. शाळेत एकच मास्तर. सौर दिवा दोन दिवस ऊन नसलं की बंद. अडलेली बाई असेल तर चौघे तिला बांबूच्या खुर्चीत बसवून पाठीवरून उतरवतात, आणि वाटेत काय होईल ते होईल. एवढं असून कुरकुर ऐकू येत नव्हती. मला मात्र रोज सकाळी उठल्यापासून थकवा असायचा, तिथल्या ओलीसारखाच, कशानेच न जाणारा.

मी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी एक आजोबा केंद्रात पाय दाखवायला आले. सत्तरीचे असतील, गळ्यात लहानसा क्रूस, पायांना भेगा पडून रक्त येत होतं. ते मिठाचं ओझं घेऊन आमच्या मागून त्याच वाटेने आले होते. मुक्ताने विचारलं, इतके कसे गळून गेलात. ते त्यांच्या हिंदीत म्हणाले की दीड दिवस पोटात काही नाही. पुढे गेलेली माणसं खाणं ठेवून गेली होती, पण यावेळी माकडांनी खाल्लं. मग दीदीने मला समजावून सांगितलं. मिठाचं ओझं असलं की त्यावर खायचं सामान उचलता येत नाही, म्हणून पुढे जाणारा मागून येणाऱ्यासाठी वाट फुटते तिथे पुडी ठेवतो. सगळ्यांना ती जागा माहीत असते. कितीही भूक असली तरी दुसऱ्याच्या पुडीला कोणी हात लावत नाही. आपण आलो तेव्हाही ती होती, ती म्हणाली. तुम्ही पाहिली असेल.

मी पाहिली असं म्हणाले.

माझ्या सासूबाई परिक्रमेला निघालेल्या लोकांसाठी ग्वारीघाटावर दर एकादशीला शिधा घेऊन जात. कोण येणार, कुठून येणार, त्यांना माहीत नसे. मी कित्येक वर्षं त्यांच्याबरोबर पिशवी धरून गेले होते. तीच पुडी मी जंगलात पाहिली, आणि ओळखली नाही. माझ्या भीतीने मला तिथे भूत दाखवलं. एक म्हातारा माणूस माझ्यामुळे दीड दिवस उपाशी चालला, आणि मी तिथे बसून त्याच्या पायांना पट्टी बांधायला मुक्ताला कापूस देत होते. सांगावं असं रोज मनात यायचं. पण सिस्टरच्या आईने असं केलं हे गावात कळलं तर मुक्ताला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, अशी मी मनाची समजूत घालत राहिले. खरं तर लाज माझी होती.

त्यानंतर मुक्ताचा ताप वाढला. तिने स्वतःच स्वतःचं रक्त तपासलं आणि काडी मला दाखवली. मलेरिया. आधीचाच, पुरता न गेलेला. गोळ्या होत्या, पण ती शुद्धीत-बेशुद्धीत जायला लागली, तिला मोठ्या दवाखान्यात नेणं भाग होतं. चार दिवस हेलिकॉप्टरची वाट पाहिली. एकदा आवाज आला, सगळं गाव मैदानावर धावलं, आवाज ढगांच्या वरून परत गेला. मग दीदी म्हणाली, पायीच नेऊ. दोन तगडे गडी आळीपाळीने तिला पाठीवरच्या खुर्चीतून नेणार, बरोबर दीदी आणि मी. हे ठरलेलं ऐकून आजोबा आमच्या एक दिवस आधी पुन्हा मिठासाठी निघून गेले होते.

पहिल्याच दिवशी ओढा फुगला. अर्धा पार झाला आणि दीदीचा पाय घसरला. गड्यांनी तिला ओढून काढलं, टोपली गेली. तांदूळ, काडेपेटी, भांडं, सगळं. ओढ्याच्या काठी आम्ही त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाणी ओसरायची वाट बघत बसलो. गोळ्या मुक्ताच्या गळ्यातल्या पिशवीत होत्या म्हणून वाचल्या, पण रिकाम्या पोटी गोळी टिकत नव्हती. दिली की दहा मिनिटांत ओकायची. गड्यांनी रानकेळीचा कोंब सोलून दिला, तो तिच्या घशाखाली उतरेना. मोजक्याच गोळ्या, त्यातल्या दोन वाया गेल्या. मी तिचे ओठ ओल्या पदराने पुसत होते आणि दत्ताशी भांडत होते. आधी ते नेले, आता ही. मग भांडायचंही त्राण उरलं नाही. मी म्हटलं, मला घेऊन जायची होती ना हिला, तर मी घेऊन निघाले आणि ही अशी झाली. माझ्या हातात काही नाही. तूच बघ. ती प्रार्थना नव्हती. दमलेला माणूस ओझं खाली टाकतो, तसं मी ते टाकलं.

पाणी उतरल्यावर आम्ही ओढा ओलांडला आणि त्याच्या पुढच्या सकाळी वाट फुटते त्या जागी पोचलो. बांबूची मांडणी रिकामी होती. मी खालीच बघत होते, वर बघायची माझी छाती नव्हती. दीदी थांबली आणि तिने बोट दाखवलं. मांडणीच्या वर, माझा हातच काय काठीसुद्धा पोचणार नाही इतक्या उंचीवर, फांदीला वेताच्या सालीने पुडी बांधली होती. मोठी, दोन पानांची. मागून येणारे आम्हीच होतो, म्हणून एक गडी चढला आणि त्याने ती खाली आणली. दीदीने सोडली. भात, चार उकडलेली अंडी, लाल मिरच्या, आणि वेगळ्या पानात मीठ. चिमूटभर नव्हे, मूठभर.

मी खरं सांगते, त्या क्षणीही माझा हात मागे आला. भात, अंडं, मिरची, मीठ. यजमानांवरून ओवाळून मी ठेवलं होतं तेच सगळं. दीदी म्हणाली, “खिलाओ.” मी मिरच्या बाजूला काढल्या, अंडं भातात कुस्करलं, मीठ लावलं आणि मुक्ताला घास भरवला. मग दुसरा. मग गोळी. आम्ही चौघं तिच्या तोंडाकडे बघत होतो. दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. गोळी राहिली. मुक्ता डोळे न उघडता पुटपुटली, “आई, मीठ किती छान लागून राहिलं आहे.” तेव्हा मी रडले, पहिल्यांदा, यजमान गेल्यानंतर पहिल्यांदा. उरलेलं आम्ही वाटून खाल्लं. माझ्या वाट्याचा घास मी डोक्याला लावला आणि मग तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी गाडीरस्ता आला. मुक्ताला जीपमध्ये घालेपर्यंत मला आजूबाजूचं भान नव्हतं. मग पाहिलं, दुकानाच्या पायरीवर आजोबा बसले होते, शेजारी मिठाचं पोतं. पावसाने तेही त्या वाटेवर एक दिवस निवाऱ्यात अडकले होते. ओढ्याच्या आवाजावरून त्यांनी ओळखलं की आम्ही मागे थांबलो असू. साबणाच्या बदल्यात द्यायला आणलेली अंडी त्यांनी उकडली, स्वतःचा भात आणि जवळचं मीठ त्यांच्याबरोबर पुडीत बांधलं आणि पुढे रिकाम्या पोटी उतरले. हे सगळं दीदीने त्यांच्याकडून काढून घेऊन मला सांगितलं. माझ्यामुळे ते दुसऱ्यांदा उपाशी चालले होते.

मग मात्र माझ्याने राहवेना. मी त्यांच्या पायरीपाशी बसले आणि कसाबसा धीर करून सांगून टाकलं की त्या दिवशी माकडं नव्हती, ती पुडी मी पाडली, आमच्याकडे असं रस्त्यावर ठेवलेलं अशुभ मानतात, मी घाबरले. ते माझ्या पायांकडे बघत होते. हळूच हसले आणि म्हणाले, “मालूम था, सिस्टर का माँ. बंदर जूता नहीं पहनता.”

चिखलात, भातावर, माझ्या कॅनव्हासच्या बुटाचा छाप त्यांनी त्याच दिवशी पाहिला होता. जंगलातल्या माणसाला छाप वाचायला वेळ लागत नाही. केंद्रात मला समोर बसलेली पाहून, पायांतले बूट पाहून, त्यांनी माकडांचं नाव घेतलं होतं. आणि ज्या बाईने त्यांचं अन्न काठीने पाडलं, तिच्यासाठी त्यांनी पुन्हा बांधलं, फक्त तिच्या काठीच्या पल्ल्यापलीकडे. इतक्या उंचीवर का, हे मी विचारलं नाही. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी घाईने पाय मागे घेतले. मग गळ्यातला क्रूस बोटांत धरून आभाळाकडे पाहिलं, जणू मला म्हणत होते, तिकडे कर.

मुक्ता तीन आठवड्यांनी उभी राहिली आणि मी तिला जबलपूरला घेऊन आले. मी मागितलं होतं ते मिळालं होतं. महिनाभर तिला खाऊ-पिऊ घातलं. गालांवर मांस आलं तशी ती खिडकीत उभी राहून आभाळ बघायला लागली. इथे आभाळात बघण्यासारखं काय आहे, ते मला माहीत होतं. एक दिवस चहा पिताना ती म्हणाली, “आई, तिथे सध्या कोणीच नाही. मी जाऊ न?” वर्षभरापूर्वी मी ताट सरकवून उठले असते. त्या दिवशी मी त्या ओढ्याचा काठ आठवला, जिथे मी म्हटलं होतं की माझ्या हातात काही नाही, तूच बघ. आणि त्याने पाहिलं होतं. एकदा ओझं खाली ठेवल्यावर घरी येऊन ते परत उचलायचं, ही काही भक्ती नव्हे. खाल्ल्या मिठाला जागायचं ते आम्ही दोघींनी. मी म्हटलं, जा. आणि म्हणताना छातीत दुखलं, ते अजून दुखतं, त्याचं काही खोटं सांगत नाही.

मदन महल स्टेशनवर मी तिला सोडायला गेले. दरवेळी ती निघताना मी मीठमोहऱ्यांनी तिची दृष्ट काढत असे, यावेळी काढली नाही. सकाळी उठून भात केला, अंडी उकडली, मिरची आणि मीठ वेगळ्या पानात बांधलं. पानं बडा फुहाऱ्याच्या बाजारात मिळाली. गाडी आली तेव्हा पुडी तिच्या हातात दिली. तिने वजन बघून विचारलं, इतकं कोण खाणार. मी म्हटलं, “तुझ्यापुरतं खा. उरलेलं ठेव. मागून कोणीतरी येतच असतं.”

गाडी सुटल्यावर मी घरी आले आणि दिवा लावला. मागायचं अजूनही काही नाही. पण आता हात जोडले की थोडा वेळ तशीच उभी राहते, कुकर थांबतो. दत्त कुठल्या रूपात येतो ते माझ्या आजीने सांगितलं होतं, सासूबाईंनी सांगितलं होतं, आणि मला ते एका म्हाताऱ्या ख्रिस्ती माणसाने न सांगता दाखवलं. ते कॅनव्हासचे बूट मी टाकलेले नाहीत. दारामागे ठेवले आहेत, तळाची नक्षी वर करून, बाहेर जाताना दिसतील असे.